वडिलांची १९६८ ची फियाट विकायची आहे : किंमत काय सांगू, गाडी कशी दाखवू?

प्रश्न थोडक्यात असा. वडिलांनी १९६८ साली नवी घेतलेली फियाट ११०० डी, पुण्याचंच पासिंग, पहिल्यापासून एकच मालक. २०१६ पासून बंगल्याच्या पोर्चमध्ये ताडपत्रीखाली उभी. आर.सी.ची मुदत २०१८ मध्ये संपली, वडील २०१९ मध्ये गेले. वारस तिघं : आई, तुम्ही आणि कॅनडातला भाऊ. बंगला रीडेव्हलपमेंटला गेलाय, चार महिन्यांत जागा रिकामी करायची आहे. एक एजंट साठ हजार म्हणाला. नेटवर तशाच गाडीला कोणीतरी आठ लाख लावलेत. आणि ओळखीचा पेंटर म्हणतोय, चाळीस हजारांत नवीकोरी करून देतो, मग विका.

ताई, आधी त्या पेंटरला नको म्हणून सांगा. बाकी काहीही चुकलं तरी सावरता येईल, हे येणार नाही.

का, ते माझ्याच खिशाला पडलेल्या भोकावरून सांगतो. तीसेक वर्षांपूर्वी सातारच्या एका वाड्यातून मी डुक्कर फियाट उचलली होती. पन्नाशीच्या दशकातली ती गोल पाठीची ११००, पुढचे दरवाजे उलटे उघडणारी. रंग राखाडी, उडालेला, टपावर तर पत्रा दिसत होता. गॅरेज नुकतंच टाकलेलं, हौस दांडगी. पत्रा ठोकला, लांबी (पत्र्यातले खड्डे बुजवायचा लगदा) भरली, वर मेटॅलिक निळा मारला. नवरदेव बसवावा अशी दिसायला लागली. मुंबईहून एक गृहस्थ बघायला आले. गाडीभोवती एक फेरी मारली, काही बोलले नाहीत. मग खिशातून फ्रीजवर लावतात तसला गणपतीचा छोटा चुंबक काढला आणि दरवाजाच्या खालच्या कडेला टेकवला. गणपती खाली पडला. उचलून चार बोटं वर लावला, पुन्हा पडला. वीतभर वर गेल्यावर कुठे चिकटला. म्हणाले, "आत काय आहे ते तुम्हालाच ठाऊक. त्या राखाडी रंगात दाखवली असतीत तर सांगाल तो भाव दिला असता." ती गाडी शेवटी रंगाचा खर्चही न निघता गेली.

जुन्या गाडीचं गिऱ्हाईक चकाकीला नाही, संशय नसण्याला पैसे मोजतं. उडालेला रंग, कडेला आलेला गंज, फाटलेलं कुशन हे सगळं त्याला डोळ्यांनी दिसतं आणि त्याची किंमत तो मनात वजा करतो. ताजा रंग दिसला की तो दिसत नाही त्याची किंमत वजा करतो, आणि ती नेहमी जास्त असते. तुमच्या फोटोंत डाव्या मागच्या दरवाजाला गंजाचे फोड आलेत आणि बॉनेटचा रंग पांढुरका पडलाय. राहू दे तसंच.

शिवाय चाळीस हजारांत 'नवीकोरी' होत नाही. पत्र्यापर्यंत घासून, गंज कापून, नवा पत्रा जोडून, काचा आणि रबरं काढून केलेलं काम त्याच्या दुपटी-तिपटीला जातं. चाळीस हजारांत होते ती लांबी आणि फवारा.

आता तुमच्याकडे नेमकं काय आहे ते बघू, कारण किंमत तिथून सुरू होते. प्रीमियर ऑटोमोबाइल्सने कुर्ल्याच्या कारखान्यात ११०० डी काढायला सुरुवात केली १९६४ मध्ये, 'डिलाइट' या नावाने. १९७२ मध्ये तिचं नाव प्रेसिडेंट झालं आणि १९७४ मध्ये पद्मिनी. इंजिन तेच, १,०८९ सीसी; गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर. पद्मिनी पुढे या शतकाच्या सुरुवातीपर्यंत निघत राहिली. म्हणजे वरवर पाहणाऱ्याला तुमची १९६८ ची गाडी आणि कोणाची तरी १९९५ ची पद्मिनी सख्ख्या बहिणी वाटतात, पण बाजारात त्यांचा भाव वेगळा. जाहिरात देणारे सरसकट 'पद्मिनी क्लासिक' लिहितात. तुलना करताना नाव नाही, आर.सी.वरचं सन बघा. तुमच्या गाडीवर 'फियाट' लिहिलंय, ग्रिल जुनं आहे, आणि ती पन्नाशी ओलांडून गेलीय. या तीन गोष्टी नव्वदीतल्या पद्मिनीकडे नाहीत.

दुसरं, ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यावरून शेवटच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सी गेल्या. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा, आणि ताडदेव आरटीओत शेवटची पद्मिनी टॅक्सी पासिंग झाली होती २९ ऑक्टोबर २००३ ला. त्या आठवड्यात पेपरात बातम्या आल्या आणि माझ्याकडे फोन सुरू झाले, 'आमची पण आहे, आता सोन्याच्या भावात जाईल ना?' नाही जात. पद्मिनी ढिगाने निघाल्या, अजूनही गावोगाव उभ्या आहेत. उलट त्या बातम्यांनी गिऱ्हाईकाच्या डोक्यात किडा सोडलाय, की ही आधी टॅक्सी तर नव्हती? तुमच्याकडे पहिल्या मालकाचं आर.सी. बुक आहे, म्हणजे हा प्रश्नच निघत नाही. हे बुक म्हणजे तुमच्या गाडीचा सगळ्यात महाग पार्ट आहे असं समजा.

म्हणून रंगाचे चाळीस हजार वाचवून त्यातले थोडे कागदांवर घाला. साठ हजारवाल्या एजंटला हिशेब बरोबर कळतो. वारस तीन, मुदत संपलेली, घाई चार महिन्यांची. त्याने गाडीला नाही, तुमच्या कंटाळ्याला भाव दिलाय.

कागदांचा क्रम असा. गाडी अजून वडिलांच्या नावावर, त्यामुळे तुम्ही ती थेट विकू शकत नाही. आधी ती एका वारसाच्या नावावर यायला हवी. त्यासाठी आरटीओचा फॉर्म ३१, मृत्यूचा दाखला आणि बाकीच्या वारसांची संमती. आईच्या नावावर करून घेतलेली बरी. भावाची संमती आजच मागवा. तो तिथल्या भारतीय वकिलातीत जाऊन सही साक्षांकित करून पाठवू शकतो. तिथे अपॉइंटमेंट, मग पोस्ट, यात महिना सहज जातो. चार महिन्यांतलं सगळ्यात हळू चालणारं काम हेच आहे, गाडी धुवायच्या आधी हे हलवा.

मग मुदत. वीस वर्षांवरच्या चारचाकीच्या नूतनीकरणाची फी ऑगस्ट २०२५ पासून दहा हजार झालीय. त्यावर उशिराचा दंड महिन्यांच्या हिशेबाने आणि महाराष्ट्राचा पर्यावरण कर. जुन्या गाड्यांची आणखी एक गंमत म्हणजे त्यांची नोंद कधीकधी संगणकावर चढलेलीच नसते. गाडीचा नंबर सरकारच्या 'वाहन' पोर्टलवर टाकून बघा. काहीच दिसलं नाही तर घाबरू नका, मूळ बुक दाखवून बॅकलॉग एंट्री करून घ्यावी लागते. नाव बदल, मुदत आणि ही एंट्री यांचा क्रम आरटीओच्या खिडकीवर विचारूनच अर्ज भरा.

इथे एक गोष्ट जवळून दाखवतो. तपासणीच्या वेळी चासी नंबरचा ठसा लागतो. नंबर पत्र्यात ठोकलेला असतो. त्यावर शिसपेन्सिल घासायची, वर सेलोटेप दाबून उचलायची आणि ती कागदावर चिकटवायची. पन्नास-साठ वर्षांत त्या आकड्यांवर धूळ, तेल, गंज यांचा थर बसतो. रॉकेलचा बोळा आणि जुना टूथब्रश घेऊन हळूहळू साफ करा. पॉलिश पेपर अजिबात लावू नका, एखादा आकडा पुसट झाला तर गाडीची ओळखच गेली. ठसा उमटला की बुकातल्या आकड्याशी एकेक अंक ताडून पाहा. इंजिन नंबरचंही तसंच. मध्ये कधी इंजिन बदललं असेल आणि बुकात नोंद नसेल तर ते आता कळलेलं चांगलं, गिऱ्हाईकासमोर नको. आणि हो, स्वस्तातल्या पेंटरची लांबी सगळ्यात आधी याच नंबरात जाऊन बसते.

'व्हिंटेज नोंदणी करून घेऊ का, भाव वाढेल' असंही तुम्ही विचारलंय. जुलै २०२१ च्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं झालेली, चासी-बॉडी-इंजिन मूळ असलेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीची फी वीस हजार, मुदत दहा वर्षं. आधीपासून नोंदणी असलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो. तुमची गाडी वयाने बसते. पण अशी गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती, पेट्रोल भरणं एवढ्यालाच रस्त्यावर आणायची. घेणाऱ्याला रविवारी सकाळी लोणावळ्याला मिसळ खायला जायचं असेल तर ही नोंदणी त्याला अडचणच. संग्राहक असेल तर तो स्वतः करून घेईल. तुम्ही साधं नूतनीकरण करा आणि जाहिरातीत 'व्हिंटेज नोंदणीच्या वयात बसते' एवढं लिहा.

आता किंमत. आठ लाखांची जाहिरात विसरा. ती किती महिने लटकलीय ते बघा. जी गाडी सहा महिने त्याच भावाला दिसतेय, ती त्या भावाला विकली जात नाही एवढंच तिच्यावरून कळतं. जाहिरातीतला आकडा म्हणजे मालकाची इच्छा. तुम्हाला हवा सौदा झालेला आकडा, आणि तो मिळतो तीन ठिकाणी : जुन्या फियाटवर हात बसलेला मेकॅनिक, नाना पेठेतला जुना स्पेअर पार्टवाला आणि रॅलीला गाड्या आणणारे लोक. पाच-सहा जणांना विचारा, 'गेल्या वर्षभरात साठीच्या दशकातली ११०० कितीला गेली, कुठल्या अवस्थेतली?' सगळ्यात वरचा आणि सगळ्यात खालचा आकडा सोडून द्या. विम्यातल्या किमतीवर जाऊ नका; इतक्या जुन्या गाडीची ती रक्कम कंपनी आणि मालक यांनी आपसात ठरवलेली असते, बाजाराशी तिचा संबंध नसतो. 'मी आजवर एवढा खर्च केला' हेही धरू नका. गाडीवर केलेला खर्च आणि मुलांच्या लग्नातला खर्च, दोन्ही वसूल होत नाहीत.

मी माझ्या हाताखालून गेलेल्या सौद्यांवरून तुमच्या गाडीचा हिशेब मांडतो, तुमच्या माहितीशी पडताळून घ्या. कागद चालू, पत्रा निरोगी, हाक मारली की सुरू होणारी अशी साठीतली ११०० मी चार लाखांच्या आसपास जाताना पाहिलीय. तुमच्या गाडीला त्या अवस्थेला आणायला गिऱ्हाईकाला काय लागेल? ब्रेक, टाकी साफ करणं, पाच टायर, बॅटरी, नळ्या मिळून पंचेचाळीस हजार. फोटोवरून डावीकडचा सिल (दरवाजाखालची पट्टी) आणि ड्रायव्हरच्या पायाखालचा पत्रा गेलेला वाटतो, तो धरून आणखी पंचेचाळीस. कागद तुम्ही करून दिलेत तर शून्य, नाही दिलेत तर तीस हजार आणि वर वैताग. इंजिन आठ-नऊ वर्षं फिरलं नाही, त्याची धास्ती म्हणून तो तीस हजार तरी वजा करणार. म्हणजे कागद करून दिलेत तर दोन लाख ऐंशी, नाहीतर अडीच. यात एकच मालक, मूळ कुशन, कंपनीचं हँडबुक आणि वडिलांच्या डायऱ्या यांचे तीस-चाळीस मिळवा. मी असतो तर कागद पूर्ण करून सव्वातीन लाख सांगितले असते आणि दोन लाख ऐंशीच्या खाली उतरलो नसतो. कागद अर्धवट असतील तर दोन साठ आले तरी खूश व्हा.

जागा ठेवायची घासाघिशीला, पण बेतानं. सव्वातीनला सांगून दोन नव्वदला देणं हे दोघांनाही शोभतं. पाच सांगून तीनवर आलात तर गिऱ्हाईक विचार करतं, की हा माणूस आणखी कशात दोन लाखांनी फिरला असेल?

वडिलांच्या डायऱ्यांबद्दल दोन वाक्यं. तुम्ही लिहिलंय की त्यांनी पेट्रोल, किलोमीटर, ग्रीसिंग, ऑइल बदलल्याच्या तारखा १९६८ पासून लिहून ठेवल्यात आणि तुम्ही त्या रद्दीत देणार होता. कृपा करून देऊ नका. त्यातली दोन पानं मोबाइलवर फोटो काढून जाहिरातीत टाका. असं गिऱ्हाईक मी पाहिलंय ज्याने इंजिन सुरू करून पाहिलंच नाही, तासभर पायरीवर बसून डायरीच वाचली आणि इसार देऊन गेलं. तसंच डिकीतला जॅक, टॉमी, व्हील पाना, मूळ चाव्या, जुनी हाताने रंगवलेली नंबरची पाटी. हाय सिक्युरिटी प्लेट लावावी लागेल, लावा. पण जुनी पाटी धूळ झटकून गाडीबरोबर द्या. सुटलेलं मोनोग्राम, एखादी हबकॅप माळ्यावर पडलीय का तेही पाहा. मुंबईच्या चोरबाजारात या वस्तूंना वेगळा भाव आहे, आणि गाडीवर नसली की गिऱ्हाईक तो पुरेपूर वजा करतं.

इंजिन जागं करणं हे किमतीच्या दृष्टीने सगळ्यात फायद्याचं काम. चालू इंजिन आणि 'चालू होतं' म्हणून सांगितलेलं इंजिन यांत पन्नास हजारांचा फरक मी सहज पाहिलाय. पण नवी बॅटरी टाकून लगेच स्टार्टर मारू नका. सगळ्यात जास्त इंजिनं तिथेच मरतात. चारही प्लग काढायचे, प्रत्येक भोकात दोन चमचे इंजिन ऑइल सोडायचं आणि दोन दिवस सोडून द्यायचं. मग टॉप गिअरमध्ये टाकून दोघांनी गाडी मागे-पुढे हलकीशी ढकलायची. फॅन फिरला तर जीव आहे. नाही फिरला तर जोर करू नका, पुन्हा तेल, पुन्हा दोन दिवस. चाकं जाम असतील तर आधी ब्रेकचे ड्रम सोडवायला लागतील. फिरायला लागलं की जुनं ऑइल काढून नवं भरा. टाकीतलं पेट्रोल आता वार्निश झालं असणार; त्या टाकीला हातच लावू नका. पंपाची नळी सोडवून ती पेट्रोलच्या छोट्या डब्यात टाका. आणि रबरी नळ्या, पंपाचा डायफ्राम नवे घाला. आताचं पेट्रोल वीस टक्के इथेनॉलचं, जुनं रबर ते सोसत नाही. हे काम फियाट माहीत असलेल्या माणसाकडूनच करून घ्या. नव्या गाड्यांच्या शोरूममधली मुलं चोक कुठे आहे ते शोधतील.

सुरू झाली की थंड इंजिनाचा व्हिडिओ काढा. सकाळी, रात्रभर उभी असताना : बॉनेट उघडलेलं, चोक ओढला, स्टार्टर, पहिला धूर, आणि दोन मिनिटं न तोडता चालू. टॅपेट वाजत असतील तर वाजू द्या, त्यावर हिंदी गाणं लावू नका. धूर निळा आहे की पांढरा हे बघणाऱ्याला तेवढ्यात कळतं.

फोटोंना सकाळी आठच्या आतलं किंवा संध्याकाळचं ऊन घ्या. गाडी पोर्चच्या बाहेर मोकळ्यावर, मागे वाळत घातलेले कपडे नकोत. धुवा, पण साध्या पाण्याने आणि फडक्याने. इंजिनावर प्रेशरचं पाणी मारू नका. आतले मॅट उचलून वाळवा, उंदरांनी कुशनमध्ये घर केलं असेल तर तो वास कुठल्याही डागापेक्षा जास्त पैसे खातो. डॅशबोर्डवर सिलिकॉनची चकाकी नको. चारही कोपरे, आतून, डिकी रिकामी करून स्टेपनीची खळगी, दरवाजांच्या खालच्या कडा, मॅटखालचा पत्रा, आणि जमिनीवर झोपून खालून. हो, गंजाचे फोटोही. फोड आलेल्या दरवाजाचा फोटो जवळून घ्या, नाणं शेजारी ठेवून, म्हणजे आकार कळेल. यातून दोन गोष्टी होतात. नुसता वेळ घालवणारे येत नाहीत, आणि जो नाशिकहून किंवा कोल्हापूरहून येतो तो दारात उभं राहून 'अहो, हे तर सांगितलंच नाही' म्हणत पन्नास हजार तोडू शकत नाही. आर.सी.चा पूर्ण फोटो मात्र नेटवर टाकू नका; बघायला आलेल्याला हातात द्या.

जाहिरातीचा मजकूर साधा ठेवा. 'अप्रतिम, राजेशाही, दुर्मीळ' यातलं काही नको. असं लिहा : "१९६८ फियाट ११०० डी, पुणे, एकच मालक. २०१६ पासून उभी, आता इंजिन सुरू केलं आहे (व्हिडिओ). रंग जुनाच, कुशन कंपनीचं. डावा सिल, ड्रायव्हरकडचा तळ आणि मागचा डावा दरवाजा गंजला आहे (फोटो). आर.सी. आईच्या नावावर, मुदत चालू. हँडबुक, टूलकिट, सर्व्हिसच्या डायऱ्या गाडीबरोबर. ३,२५,०००, पाहून थोडं बोलता येईल." 'फायनल किती' असा एका ओळीचा मेसेज येईल, रोज चार येतील. उत्तर एकच : गाडी पाहून जा. न पाहता फोनवर भाव उतरवला की तोच आकडा दारात नवी सुरुवात होतो.

बघायला येणाऱ्यांना एकेकट्याची वेळ द्या, आणि आईला एकटीला घरी ठेवून नको. 'चालवून बघतो' म्हणतील. मुदत, विमा आणि पीयूसी चालू होईपर्यंत रस्त्यावर चक्कर नाही. सोसायटीच्या आत पुढे-मागे करून दाखवा. ब्रेक झाले नसतील तर तेवढंही नको, जागेवर इंजिन ऐकवा. दिल्लीकडचं गिऱ्हाईक आलं तर तिथे पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवरच्या बंदीचं काय चाललंय ते त्याने स्वतः आधी पाहावं, आणि नंतर 'नोंदणी होत नाही, पैसे परत द्या' असं होऊ नये म्हणून पावतीत एक ओळ घाला.

सौदा ठरला की इसार घ्या, दहा-वीस हजार, लेखी. त्यात गाडीचे दोन्ही नंबर, ठरलेली रक्कम, उरलेले पैसे कधी, आणि 'आहे त्या स्थितीत, पाहून व समजून' हे शब्द. उरलेली रक्कम बँकेतूनच घ्या. दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घ्यायला आयकर कायद्यानं बंदी आहे आणि दंड घेतलेल्या रकमेइतकाच, घेणाऱ्याला, म्हणजे तुम्हाला. घरच्या वापराची गाडी विकून आलेल्या पैशांवर भांडवली नफ्याचा कर लागत नाही, तेव्हा रोखीचा मोह धरायला कारणही नाही.

चावी देताना मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या, ओळखपत्रांच्या प्रती, तारीख आणि वेळ लिहिलेली डिलिव्हरीची पावती. पण सही देऊन सुटलो असं समजू नका. आर.सी.वर नाव बदलत नाही तोवर कायद्याच्या नजरेत मालक तुम्हीच. सर्वोच्च न्यायालयाने नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या २०१८ च्या निकालात हेच सांगितलंय : गाडी पुढे तीन-चार हातांत गेली होती, तरी अपघाताची भरपाई नोंदीतल्या मालकावर आली. म्हणून गिऱ्हाईक इथलंच असेल तर त्याच्याबरोबर अर्ज भरूनच चावी द्या. बाहेरच्या आरटीओचं असेल तर एनओसी काढून द्या आणि नाव बदलल्याचा पुरावा येईपर्यंत त्याचे वीस-पंचवीस हजार किमतीशिवाय अनामत म्हणून स्वतःकडे ठेवा, मग परत द्या. तेवढ्याने तो धावपळ करतो, तुम्हीही निश्चिंत.

आणि बिल्डरचा मुकादम म्हणेल, 'मॅडम, आमची पोरं दोर लावून कोपऱ्यात ओढतात.' ओढू देऊ नका. आठ-नऊ वर्षं उभ्या गाडीची चाकं जाम असतात, दोर पुढच्या पातळ पत्र्याला बांधतात आणि तो फाटतो. हलवायचीच तर ब्रेक सोडवून, टायरांत हवा भरून, फ्लॅटबेडवर चढवून. आणि माळ्यावरची हबकॅप त्याच फेरीत आठवणीने गाडीत टाका.